ग्रंथालय १० ते ५, आपली पाळी १२ तासांची : शोधनिबंध मिळवण्याविषयी माझा अनुभव

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. अतिदक्षता विभागातली १२ तासांची पाळी, शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) टाळण्याची कार्यपद्धती पुराव्यासह लिहून देण्याचे काम अंगावर, ग्रंथालय सकाळी १० ते सायंकाळी ५, मोबाईलवर शोधनिबंध उघडायला गेले की डॉलरमध्ये पैशांची मागणी, आणि ग्रंथालयाच्या ऑनलाइन खात्यासाठी कार्यालयात दिलेला अर्ज सहा आठवडे तसाच पडून, असे तुम्ही लिहिले आहे. २०१६ साली माझी अवस्था अगदी हीच होती, म्हणून सविस्तर लिहिते आहे. पबमेड ही वैद्यकीय शोधनिबंधांची ऑनलाइन सूची म्हणजे काय आणि त्यात शब्द कसा टाकायचा हे तुम्हाला ठाऊक असणार, त्यात वेळ घालवत नाही.

आधी एक स्पष्ट करते. मी परिचारिका आहे, आता परिसेविका म्हणून काम करते. डॉक्टर नाही आणि ग्रंथपालही नाही. खाली औषधांचा किंवा उपचारांचा उल्लेख येईल, तो उदाहरणादाखल आहे. तुमच्या विभागात काय करायचे ते तुमचे डॉक्टर आणि संसर्ग नियंत्रण समितीच ठरवतील.

मला तेव्हा व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांच्या तोंडाच्या स्वच्छतेची कार्यपद्धती लिहायची होती. आमच्या संस्थेने नियतकालिकांची वर्गणी भरलेली होती, पण ती संस्थेच्या आयपी पत्त्यावर चालणारी होती. म्हणजे वाचनकक्षातल्या संगणकावर निबंध उघडायचा, आणि विभागाबाहेरच्या बाकावर बसून स्वतःच्या मोबाईल डेटावर प्रयत्न केला की तोच निबंध पैसे मागायचा. विभागातले संगणक रुग्णांच्या नोंदींसाठी होते, त्यांवर इंटरनेट बंदच असे. घरून वाचायचे तर वेगळे खाते हवे, त्या खात्यासाठी संस्थेचा ई-मेल हवा, आणि ई-मेल देणारे कार्यालय म्हणत होते की तो डॉक्टरांना आणि अध्यापकांना देतात, नर्सिंगसाठी तशी पद्धत नाही.

माझा अर्ज तीन वेळा परत आला. पहिल्यांदा अधिसेविकांची (मेट्रनची) सही नव्हती म्हणून, दुसऱ्यांदा कर्मचारी क्रमांक चुकीच्या जागी लिहिला म्हणून, आणि तिसऱ्यांदा त्यावर फक्त ‘योग्य मार्गाने सादर करावा’ एवढाच शेरा होता. योग्य मार्ग कोणता ते कोणी सांगितले नाही. रात्रपाळी संपवून, हँडओव्हर देऊन, न झोपता १० वाजेपर्यंत त्या कार्यालयाच्या दारात थांबायचे आणि ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ हे ऐकून घरी जायचे, असे पाच महिने गेले. आजही त्या दिवसांची आठवण आली की मला राग येतो. मी त्या कार्यालयाकडे सवलत मागत नव्हते, संस्थेने ज्याचे पैसे आधीच भरले होते ते वाचायला मागत होते.

परंतु खरी चूक माझी होती आणि ती मला सर्वांत जड गेली. अर्ज मंजूर होईपर्यंत मी केवळ सारांशांवर काम भागवले. पबमेडवर ‘माउथ केअर’ आणि ‘व्हेंटिलेटर’ असे शब्द टाकले, पहिल्या पानावर जे आले त्यांचे सारांश वाचले, आणि क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने तोंड स्वच्छ केल्यास न्यूमोनिया कमी होतो असे चार-पाच ठिकाणी दिसल्यावर समाधान मानले. विभागातल्या प्रत्येक व्हेंटिलेटरच्या रुग्णाला दर पाळीत क्लोरहेक्सिडिन, असे कार्यपद्धतीत लिहिले. ती मंजूर झाली, मी सर्व सहकाऱ्यांना शिकवली, आणि ती आठ महिने चालली.

पुढे एका प्रशिक्षणासाठी वाचनकक्षात जाणे झाले आणि तिथे ग्रंथपालांशी सहज बोलणे निघाले. माझी हकिकत ऐकून ते म्हणाले, ‘सिस्टर, निबंधाचे नाव एका चिठ्ठीवर लिहून पाठवले असते तरी मी दोन दिवसांत दिला असता. आपल्याकडे नसला तर दुसऱ्या ग्रंथालयातून मागवला असता.’ त्याच संध्याकाळी त्यांनी मला दोन निबंध पूर्ण छापून दिले. पाच महिने मी ज्या दारात उभी होते ते दारच चुकीचे होते.

त्यांनी माझ्यासोबत वीस-पंचवीस मिनिटे बसून जे केले ते मी विसरणार नाही. पुस्तक देण्याच्या कोऱ्या पावतीच्या मागे त्यांनी उभी रेघ ओढली. डावीकडे लिहिले ‘त्यांचे रुग्ण’, उजवीकडे ‘आपले रुग्ण’. मग निबंधातला पहिला तक्ता माझ्यापुढे ठेवून डावी बाजू भरायला सांगितली. माझा भर ज्या निष्कर्षावर होता त्यामागची एक मोठी चाचणी १९९६ची होती, ३५३ रुग्णांची, आणि ते सर्व हृदयशस्त्रक्रियेचे रुग्ण होते. अशा रुग्णाची शस्त्रक्रिया आधी ठरलेली असते, तयारी करून त्याला आत घेतात, आणि सर्व सुरळीत झाले तर त्याची नळी लवकर निघते. उजव्या बाजूला मी लिहिले : कीटकनाशक घेतलेले, सर्पदंशाचे, मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागलेले. आमच्याकडचा रुग्ण अचानक येतो, अनेकदा उलटी श्वासमार्गात गेलेल्या अवस्थेत, आणि दहा-दहा दिवस व्हेंटिलेटरवर राहतो. ती पावती भरून झाली तेव्हा दोन्ही बाजूंमध्ये वय सोडले तर जुळणारे काहीच नव्हते.

दुसरा निबंध २०१४चा होता. १६ चाचण्या आणि ३,६३० रुग्ण एकत्र करून केलेल्या त्या विश्लेषणात हृदयशस्त्रक्रियेचे रुग्ण आणि इतर रुग्ण वेगळे काढलेले होते. पहिल्या गटात क्लोरहेक्सिडिनने श्वसनमार्गाचा संसर्ग कमी झालेला दिसत होता. इतर रुग्णांमध्ये, कोणाला कोणता उपाय दिला हे डॉक्टर व रुग्ण दोघांनाही ठाऊक नसलेल्या चाचण्या पाहिल्या, तर न्यूमोनियात ठोस फरक दिसत नव्हता, आणि मृत्यूचा आकडा किंचित वरच झुकलेला होता. संख्याशास्त्राच्या दृष्टीने तोही ठोस नव्हता, पण दुर्लक्ष करण्याजोगा नक्कीच नव्हता. हे सर्व मी कार्यपद्धती लिहिली त्याच्या दोन वर्षे आधी छापून आलेले होते. मला ते सापडले नाही, कारण त्याच्या शीर्षकात ‘ओरल केअर’ आणि ‘मेकॅनिकल व्हेंटिलेशन’ होते आणि मी ‘माउथ केअर’ आणि ‘व्हेंटिलेटर’ शोधत होते.

आमच्या रुग्णांना अपाय झाला असे मी म्हणत नाही, तसे म्हणायला माझ्याकडे आधार नाही. पण मी आठ महिने एक गोष्ट सर्वांना खात्रीने शिकवली, आणि ती खात्री मला मिळालेली नव्हती, मी ती गृहीत धरली होती. कार्यपद्धती मागे घेऊन पुन्हा लिहिताना प्रत्येक पाळीला उभे राहून ‘आधी सांगितले ते बदलत आहोत’ असे सांगावे लागले. २०२२ साली अमेरिकेतल्या संसर्ग नियंत्रणाच्या संस्थांनी सुधारित मार्गदर्शन काढले, त्यात ब्रशने दात घासण्यासह मुखस्वच्छता ठेवावी, पण क्लोरहेक्सिडिनशिवाय, असे आहे. ते वाचताना मला ती पावतीच आठवली.

म्हणून माझे ठाम मत असे आहे : अर्ज चालू राहू द्या, पण त्याची वाट पाहत बसू नका, आणि सारांशावरून रुग्णाच्या उशाशी काहीही बदलू नका. आधी ग्रंथपालांना गाठा. तुम्हाला जाता येत नसेल तर चिठ्ठी पाठवा, फोन करा, जेवणाच्या सुट्टीत वॉर्डबॉयच्या हाती कागद द्या. नुसते ‘शय्याव्रणावर काहीतरी द्या’ असे लिहू नका. कोणते रुग्ण, कोणता उपाय, कशाशी तुलना आणि कोणता परिणाम पाहायचा, या चार गोष्टी एका वाक्यात लिहा. अशी चिठ्ठी मिळाली की चांगला ग्रंथपाल योग्य विषयशीर्षके स्वतः लावतो. पबमेडमधल्या ‘मेश’ शीर्षकांचा उपयोग इथेच होतो : लेखकाने ‘माउथ केअर’ म्हटलेले असो की ‘ओरल केअर’, निबंध एकाच शीर्षकाखाली येतो. मला हे आधी कोणी सांगितले असते तर २०१४चा तो निबंध पहिल्याच दिवशी समोर आला असता.

माझी एक जुनी सहकारी आता इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेत आहे. तिथे परिचारिकेलाही ओपनअथेन्सचे, म्हणजे संस्थेची वर्गणी असलेले निबंध कुठूनही उघडण्याचे, खाते मिळते, ती घरून वाचू शकते, आणि प्रश्न पाठवला तर रुग्णालयाच्या ग्रंथालयातली व्यक्ती शोध घेऊन निकाल पाठवते. ग्रंथपालाने डॉक्टरांबरोबर राउंडला जावे ही कल्पना अमेरिकेत १९७१ साली गर्ट्रूड लॅम्ब यांनी प्रत्यक्षात आणली. आणि आपल्याच एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे आहे. ज्या रुग्णालयात माणसे सकाळी ८, दुपारी २ आणि रात्री ८ला कामावर येतात तिथले ग्रंथालय १० ते ५ असावे, हे मला अजिबात पटत नाही. निदान आठवड्यातून दोन दिवस ते रात्री ९पर्यंत उघडे ठेवावे, अशी मागणी तुमच्या अधिसेविकांमार्फत लेखी करा. आमच्याकडे ती तिसऱ्या पत्रानंतर मान्य झाली.

तुमची संस्था सरकारी महाविद्यालयाशी जोडलेली आहे की खासगी न्यासाची आहे, हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि त्यावर बरेच अवलंबून आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर केलेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके आहेत आणि २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. पण ती केंद्र आणि राज्य सरकारांच्या उच्चशिक्षण संस्था व केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे. तुम्ही सरकारी महाविद्यालयात असाल तर कार्यालयाऐवजी ग्रंथपालांनाच विचारा की आपली संस्था त्यात नोंदलेली आहे का आणि परिचारिकांची नावे त्यात घालता येतील का. खासगी रुग्णालयाला हा मार्ग नाही. कमी उत्पन्नाच्या देशांना नियतकालिके मोफत किंवा स्वस्तात देणाऱ्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘हिनारी’ योजनेचे नाव कोणी सुचवले तर त्यामागेही धावू नका, ती ज्या देशांसाठी आहे त्यांच्या यादीत भारत नाही.

खासगी रुग्णालयात असलात तरीही बरेच काही विनाशुल्क आणि रीतसर मिळते. पबमेड सेंट्रलवर पूर्ण निबंध असतात. कॉक्रेन या संस्थेचे, एका प्रश्नावरच्या सर्व चाचण्या एकत्र तपासणारे आढावे प्रकाशनानंतर १२ महिन्यांनी खुले होतात आणि त्यांचे सोप्या भाषेतले सार पहिल्या दिवसापासून खुले असते. संगणकावर ‘अनपेवॉल’ हे साधन ब्राउझरमध्ये बसवले तर निबंधाची कायदेशीर मोफत प्रत कुठे आहे ते आपोआप दिसते. तरीही मिळाले नाही तर लेखकाला तीन ओळींचा नम्र ई-मेल पाठवा. मी आजवर असे अनेक ई-मेल पाठवले आहेत आणि बहुतेक वेळा आठवड्याच्या आत निबंध आला आहे. चोरीच्या प्रती देणाऱ्या संकेतस्थळांविषयी इथे कोणीतरी सुचवेलच. मी ती वापरत नाही आणि रुग्णालयाच्या संगणकावर तर मुळीच वापरू नका.

विषय थोडा सोडून दोन गोष्टी सांगते, कारण रात्रपाळीत त्यांचा फार उपयोग होतो. अंगावर पाजणाऱ्या आईला एखादे औषध चालेल का, असा प्रश्न आला की ‘लॅक्टमेड’ हा ऑनलाइन माहितीसंग्रह पाहा. ते मोफत आहे आणि मोबाईलवर नीट दिसते. आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे उपचारक्रमाचे तक्ते प्रत्येकी एका पानात मावतात; ते मोबाईलवर आधीच उतरवून ठेवा, म्हणजे तळघरातल्या विभागात नेटवर्क गेले तरी अडत नाही.

पबमेडवर स्वतःचे खाते काढले तर शोध साठवून ठेवता येतो आणि नवीन निबंधांची यादी ठरावीक वारी ई-मेलने येते. माझी यादी माझ्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी येते. पाळीच्या दिवशी आलेली यादी मी कधीच वाचलेली नाही, म्हणून वार बदलून घेतला.

तुमच्या विषयाकडे येते. शय्याव्रणांसाठी युरोप, अमेरिका आणि पॅसिफिक विभागातल्या संस्थांनी मिळून २०१९ साली काढलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनाची संक्षिप्त पुस्तिका मोफत मिळते, सुरुवात तिथून करा. कूस दर किती तासांनी बदलायची यावरच्या चाचण्या वाचाल तेव्हा आकड्याच्या आधी गादी पाहा. ज्या चाचणीत चांगल्या प्रतीच्या फोमच्या गाद्या होत्या, तिच्यातला चार तासांचा आकडा रेक्झिनच्या जुन्या गादीवर झोपलेल्या रुग्णाला लावता येणार नाही. एका कागदाच्या डाव्या बाजूला त्यांच्या गाद्या, त्यांचे रुग्ण, एका परिचारिकेमागे किती रुग्ण होते ते लिहा, आणि उजव्या बाजूला तुमच्या विभागातले. तो कागद भरून झाला आणि काही अडले तर इथेच लिहा, माझी पुढची सुट्टी गुरुवारी आहे, तेव्हा नक्की पाहीन.