बाण म्हणजे काय, हे आधी शब्दांत सांग

प्रश्न : मी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हाताने काढलेली सर्किट ओळखणारं सॉफ्टवेअर प्रोजेक्ट म्हणून करतोय. तेच पुढे फ्लोचार्टसाठीही चालावं, अशी इच्छा आहे. मित्र म्हणतात, तयार मॉडेल (नमुन्यांवरून ओळखायला शिकलेला प्रोग्राम) उचल आणि मोकळा हो. यात करिअर आहे का?

उत्तर : हाताने काढलेली आकृती ओळखण्याच्या या कामाला 'स्केच रेकग्निशन' म्हणतात. 'स्केच रेकग्निशन इंजिनीअर' अशी जाहिरात तुला क्वचितच दिसेल. काम मात्र आहे : स्टायलसची (डिजिटल पेनाची) ॲप्स, कॅड म्हणजे आराखडे काढायची सॉफ्टवेअर, डिजिटल फळे. शोधताना 'ह्यूमन-कॉम्प्युटर इंटरॅक्शन' आणि 'कॉम्प्युटर व्हिजन' हे शब्द वापर.

मित्रांचा सल्ला प्रोजेक्ट पार पाडण्यापुरता ठीक आहे. पण सर्किटच्या चिन्हांवर शिकवलेल्या मॉडेलला फ्लोचार्टसाठी पुन्हा ढीगभर नमुने लागतील. तुझ्या पत्रातलं 'तेच पुढे' हेच खरं प्रोजेक्ट आहे. एमआयटीच्या ट्रेसी हॅमंड आणि रँडल डेव्हिस यांनी २००३ मध्ये 'लॅडर' नावाची भाषा मांडली, ती याचसाठी. तिच्यात आकृतीचं वर्णन लिहायचं. उदाहरणार्थ, बाण म्हणजे तीन रेघा : एक लांब दांडा, दोन आखूड, तिन्हींचं एक टोक एकाच जागी, आखूड रेघा साधारण सारख्या आणि दांड्याशी लघुकोन करणाऱ्या. एवढं लिहून दिलं की ओळखण्याचं काम इंजिन, म्हणजे ही वर्णनं वाचणारा प्रोग्राम, करतं. क्षेत्र बदललं तर फक्त वर्णनं बदलायची.

सगळी मेख त्या 'साधारण'मध्ये आहे. माणसाच्या रेघांची टोकं कधीच नेमकी जुळत नाहीत. किती अंतर चालवून घ्यायचं, हे पिक्सेलमध्ये ठरवलंस तर छोट्या चित्रात भलतीच टोकं जोडली जातील. ते आकृतीच्या आकाराच्या प्रमाणात ठरव.

आणखी एक. नमुने गोळा करताना नुसती चित्रं साठवू नकोस, प्रत्येक बिंदूची जागा आणि वेळ साठव. कोपऱ्याशी पेन मंदावतं, आणि रेघ कुठे मोडते ते त्यावरून कळतं. चित्राच्या फाइलमध्ये ही खूण उरत नाही. (ही चूक लोक हमखास करतात, आणि मग सगळ्यांकडून पुन्हा काढून घेतात.)

सुरुवात 'वन डॉलर रेकग्नायझर'पासून कर. पेन न उचलता काढलेली खूण साठवलेल्या नमुन्यांशी जुळवून ओळखणारा २००७ चा हा अल्गोरिदम सुमारे शंभर ओळींत बसतो. तो मुद्दाम फसवून बघ : वर दाखवणारा बाण आणि खाली दाखवणारा बाण त्याला सारखेच, चौरस आणि आयतही सारखेच. का, ते स्वतः शोध.

अचूकतेच्या आकड्याने खचू नकोस. २०१२ च्या एका अभ्यासात २५० प्रकारची २०,००० रेखाटनं होती. ती माणसांनाही ७३ टक्केच ओळखता आली. म्हणून चूक झाल्यावर ती दुरुस्त करायची सोय आधी बांध, अचूकता नंतर वाढव.

शेवटी सर्किटवरून फ्लोचार्टवर जा आणि इंजिनच्या किती ओळी बदलाव्या लागल्या ते मोज. शून्य आल्या, तर रेझ्युमेत तेच सगळ्यात वर लिही.