जुनं मोटारहोम एकट्यापुरतं करताना : वाचकांचे प्रश्न

या वेळचे प्रश्न अमेरिकेतल्या वाचकांचे आहेत आणि गाड्याही साधारण एकाच जातीच्या : नव्वदच्या दशकातल्या किंवा त्यानंतरच्या चार-पाच वर्षांतल्या, फोर्डच्या ई-३५० किंवा ई-४५० चासीवर (इंजिन-चाकांसकटच्या सांगाड्यावर) बांधलेल्या, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेल्या ‘क्लास सी’. पाच-सहा जण झोपतील अशा बेताने बांधलेली गाडी आता एका माणसाचं घर व्हायची आहे.

प्रश्न : १९९८ची २४ फुटी गाडी घेतली. जेवणाचं टेबल आणि समोरासमोरचे बाक काढून तिथे कामाचं डेस्क करायचंय. तोडायला सुरुवात करू का? (ऑस्टिन)

बाकांना हात लावण्याआधी ओल शोधा. या गाड्या वरून चकाचक दिसतात आणि आतून कुजतात. पाणी शिरायच्या जागा ठरलेल्या आहेत : पलंगाच्या पुढची खिडकी, तिच्या वरचे छोटे नारिंगी दिवे, छताच्या कडेची अॅल्युमिनियमची पट्टी, छतावरच्या झरोक्यांभोवतीचं सीलंट आणि मागचे दोन कोपरे. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी पलंगाची गादी उचला आणि खालच्या प्लायवर पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत टोच्याने दाबून बघा. ओल मोजायचं मीटर स्वस्तात मिळतं. लाकडात १२ टक्क्यांपर्यंत ओल चालते. २०च्या वर आकडा गेला तर कुजणं चालू आहे असं समजा.

कुजलेला भाग दिसला की वरून नवा पत्रा किंवा वॉलपेपर मारून झाकू नका. भिंतीतलं लाकूड जेमतेम दीड इंचाचं आणि वरचा पापुद्रा ३ मिमी प्लायचा असतो. झाकलेली ओल दोन हिवाळ्यांत शेजारच्या पट्टीत जाते. घट्ट लाकूड लागेपर्यंत कापा, पंखा आणि डीह्युमिडिफायर लावून मीटर खाली येईपर्यंत वाळवा, मगच नवा तुकडा जोडा. गळती मात्र बाहेरूनच बंद करायची : जुनं सीलंट खरवडून काढा, चौकटीखाली ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) आणि छतावर स्वतःहून पसरणारं, रबराच्या छताला चालणारं सीलंट. सिलिकॉन नको. ते एकदा लागलं की त्यावर पुढे काहीच नीट चिकटत नाही.

आता बाक. गाद्या आणि झाकणं काढून आधी आतले फोटो घ्या. एका बाकाखाली बहुधा पाण्याची टाकी आणि पंप असतो, दुसऱ्याखाली कन्व्हर्टर (बाहेरच्या १२० व्होल्टच्या विजेवर बॅटरी चार्ज करणारा) आणि फ्यूजची पेटी किंवा चाकाचं कवच. म्हणजे बाक गेला तरी खालची जागा लगेच मोकळी होत नाही, आणि डेस्कखाली पाय कुठे जाणार हे तिथेच ठरतं. सहसा टाकीच्या बाजूचा बाक कापून बुटका करणं आणि दुसरा पूर्ण काढणं परवडतं. स्क्रू चौकोनी खाचेचे असतात, २ नंबरचं चौकोनी बिट लागेल. ते आतल्या बाजूने जमिनीवरच्या पट्टीत गेलेले असतात. भिंतीकडचे काही स्टेपल मात्र उपसावेच लागतात. बाकाची उभी फळी कधी कधी शेजारच्या कपाटाला टेकू देत असते, म्हणून शेवटचा स्क्रू काढण्याआधी कपाटाखाली ठोकळा लावा.

डेस्कसाठी १२ मिमी प्लाय घ्या आणि कडेला लाकडी पट्टी लावून ताठ करा. १८ मिमीने विनाकारण वजन वाढतं. नुसत्या भिंतीत स्क्रू मारला तर पहिल्याच खड्ड्याला तो बाहेर येईल. लोहचुंबक फिरवून स्टेपलची रांग शोधा, भिंतीतली लाकडी पट्टी तिथेच असते. सांगाडा अॅल्युमिनियमचा असेल तर चुंबक जमिनीवरच्या स्क्रूंना लागेल, भिंतीला नाही. मग डेस्कचा भार जमिनीवरच्या पायांवर घ्या. आणि मागे कधी कुणाला बसवणार असाल तर पट्टा असलेली पुढे तोंड करून असलेली एक सीट ठेवा. डेस्कच्या खुर्चीवर बसून प्रवास करायचा नाही.

प्रश्न : भिंतींवरचा फुलाफुलांचा कागद आणि कपाटांचा खोटा ओक रंगवता येईल का? (न्यू जर्सी)

येईल, पण घासायला फार जोर लावू नका. कपाटावरचं ‘लाकूड’ म्हणजे छापील कागद. तो फाटला की खालचा भुसा दिसतो. आधी तेलकटपणा धुऊन काढा, विशेषतः शेगडीजवळचा. मग २२० नंबरच्या पॉलिशपेपरने चकाकी जाईल इतकंच घासा, शेलॅकचा प्रायमर एक हात, आणि वर अॅक्रिलिकचे दोन पातळ हात. दारं आठवडाभर जोरात लावू नका, नाहीतर रंग चौकटीला चिकटून सोलून निघतो. जमिनीला अखंड व्हिनाइल बरं. क्लिकच्या फळ्या उन्हात फुगतात, थंडीत सांधे सोडतात, आणि जड कपाटाखाली दाबल्या गेल्या तर मधेच उचलतात.

प्रश्न : गॅसवरचा जुना फ्रिज गार होत नाही. बारा व्होल्टचा कंप्रेसर फ्रिज घेऊ का, आणि बॅटरी किती लागेल? दिवसभर लॅपटॉपवर काम असतं. (फिनिक्स)

घ्या. जुना फ्रिज अमोनिया आणि पाण्याच्या द्रावणावर चालतो. गाडी कलती ठेवून चालवला तर द्रावण उकळणाऱ्या भागात अडकतं आणि नळी कायमची तुंबते. मागे पिवळे डाग किंवा उग्र वास असेल तर दुरुस्तीत पैसे घालू नका.

काढताना गाडीखालची गॅसची टाकी बंद करा, शेगडी पेटवून नळीतला गॅस संपू द्या, दोन पाने वापरून जोड सोडवा, नळीच्या तोंडाला पितळी फ्लेअर प्लग बसवा आणि साबणाच्या पाण्याने तपासा. बुडबुडा दिसला तर टेप गुंडाळून भागवू नका. फ्लेअरच्या, म्हणजे नळीचं पसरट तोंड दाबून बसवायच्या, जोडाला टेप लागतच नाही; गळत असेल तर तोंड नीट बसलेलं नसतं. जुन्या फ्रिजचा छतावरचा झरोका कायमचा बंद करा. बाजूची जाळी आतून इन्सुलेशनने बुजवा, पण फ्रिजच्या पाठीमागची गरम हवा घरात यायला वाट ठेवा.

इथे हमखास एक घोळ होतो. जुन्या फ्रिजकडे जाणारी बारा व्होल्टची वायर नुसत्या सर्किट बोर्डापुरती, बारीक असते. नवा फ्रिज तिलाच जोडला तर कंप्रेसर सुरू होताना व्होल्टेज पडतं, फ्रिज ‘बॅटरी कमी’ म्हणून बंद होतो, आणि लोक चांगला फ्रिज परत करतात. फ्यूजच्या पेटीपासून १० गेजची, म्हणजे जाड, स्वतंत्र वायर ओढा आणि १५ अँपिअरचा फ्यूज लावा.

आता हिशेब, अँपिअर-अवरमध्ये (एक अँपिअर करंट एक तास म्हणजे एक). एकट्यापुरता चार-पाच घनफुटी फ्रिज, फिनिक्सच्या उन्हात दिवसाला ५० ते ६०. साठ वॉटचा लॅपटॉप सहा तास म्हणजे इन्व्हर्टरचा तोटा धरून ३२. छतावरचा पंखा २५. दिवे, पंप, मोबाइल मिळून १०. एकूण सव्वाशेच्या आसपास. दोन १०० अँपिअर-अवरच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या पुरतात. शिसं-आम्लाच्या घ्यायच्या तर निम्मीच क्षमता वापरता येते, म्हणजे चार लागतील आणि वजन दोनशे पौंडांच्या वर जाईल.

बॅटरी बदलली की कन्व्हर्टरही बदला. जुना, गुणगुणणारा कन्व्हर्टर साडेतेरा व्होल्टच्या आसपास अडून बसतो आणि लिथियमला १४.४ व्होल्ट हवेत. चालत्या गाडीतून चार्ज करायला ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर मधे टाका. नाहीतर रिकामी लिथियम अल्टरनेटरमधून जेवढा निघेल तेवढा करंट ओढते, आणि ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीत तो तापून जळतो. शून्य अंश सेल्सियसखाली लिथियम चार्ज करायची नाही. तापमान पाहून चार्जिंग तोडणारीच घ्या. १२० व्होल्टच्या बाजूचं काम, विशेषतः इन्व्हर्टरचं अर्थिंग, मात्र लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

प्रश्न : फोडणी घातली की धुराचा अलार्म वाजतो. इंडक्शन घेऊ का? (सॅन होजे)

आधी शेगडीवरच्या हुडची बाहेरची झडप बघा. गाडी चालताना खडखडू नये म्हणून तिला खिट्टी असते, आणि जुन्या गाड्यांत ती बहुधा लावलेलीच राहते किंवा मागच्या मालकाने टेपने बंद केलेली असते. ती उघडा, छताच्या १४ इंची चौकोनात उलटसुलट फिरणारा पंखा बसवा, फोडणीच्या वेळी शेगडीशेजारची खिडकी बोटभर उघडा आणि पंख्याला हवा बाहेर फेकू द्या. अलार्म काढून ठेवू नका, गॅसच्या ज्योतीशेजारी झोपता आहात. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडच्या डिटेक्टरच्या पाठीवर तारीख असते. पाच-सात वर्षं झाली असतील तर हिरवा दिवा लागत असला तरी बदला.

इंडक्शन बॅटरीवर चालवायचं तर १५०० वॉटला बारा व्होल्टच्या बाजूने दीडशे अँपिअरच्या आसपास करंट जातो. कुकरच्या तीन शिट्ट्यांपुरतं, वीस मिनिटं पूर्ण जोरावर, म्हणजे ४५-५० अँपिअर-अवर. वीज जोडलेल्या जागी इंडक्शन आणि इतरत्र गॅस, हे एकट्याला सोयीचं. मिक्सरचं मात्र भय नको : ७५० वॉट पाच मिनिटं म्हणजे पाच-सहा अँपिअर-अवर, फक्त इन्व्हर्टर प्युअर साइन, म्हणजे घरच्यासारखी गुळगुळीत लहरीची वीज देणारा, हवा.

प्रश्न : टॉयलेट काढून कोरडं, लघवी वेगळी करणारं बसवतोय. नोंदणीला अडचण येईल का? (डेन्व्हर)

अमेरिकेच्या संघीय वाहन-सुरक्षा नियमांतल्या व्याख्येप्रमाणे मोटारहोममध्ये सहापैकी किमान चार सोयी लागतात : स्वयंपाक, फ्रिज किंवा आइसबॉक्स, टॉयलेट, हीटिंग वा एसी, नळ-सिंकसह पिण्याचं पाणी, आणि वेगळा वीजपुरवठा वा प्रोपेन. कोरडं टॉयलेटही टॉयलेटच. पण विमा कंपनीला बदल लिहून कळवा आणि पोच जपून ठेवा. जमिनीतल्या तीन इंची भोकात रबरी प्लग घट्ट बसवा. मैल्याच्या टाकीचा छतावरचा व्हेंट तसाच राहू दे, नाहीतर उन्हात वास आत येतो.

प्रश्न : सहाऐवजी एकच माणूस, मग वजनाची काळजी कशाला? (अटलांटा)

माणसं जातात, पण पुस्तकं, बॅटऱ्या आणि पाणी येतं. पाणी गॅलनला ८.३४ पौंड, ४० गॅलनची टाकी भरली की ३३४ पौंड. या गाड्यांची शेपूट मागच्या चाकांपलीकडे बरीच लांब असते, तिथे केलेलं जड कपाट मागचा अॅक्सल (चाकांचा आस) दाबतं आणि पुढचा हलका करतं, मग स्टीअरिंग भिरभिरतं. ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर पुढचा आणि मागचा अॅक्सल वेगळा तोलून घ्या. टाक्या भरून, स्वतः बसून, काम सुरू करण्याआधी एकदा आणि संपल्यावर एकदा. आकडे ड्रायव्हरच्या दारावरच्या स्टिकरशी ताडून पाहा. तिथेच खाली वाकून टायरवरच्या ‘DOT’ या अक्षरांनंतरच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१७ म्हणजे २०१७ मधला तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी इतके जुने टायर आधी बदला, डेस्कचं नंतर बघू.