ऑनलाइन दुकानाच्या होम पेजचा पत्ता सर्चच्या दृष्टीने कसा असावा? नुसतं डोमेन ठेवावं की पुढे 'होम' किंवा कीवर्ड जोडावा?

नुसतं डोमेन. पुढे काही नको. याच मुद्द्यावर माझं एका एसइओवाल्यांशी (एसइओ म्हणजे साइट सर्चमध्ये वर आणायचं काम) चांगलंच वाजलं होतं, म्हणून लिहितोय.

दुकान ओपनकार्टवर, म्हणजे ऑनलाइन दुकान चालवायच्या तयार सॉफ्टवेअरवर, डेव्हलपर मी. मालकांनी एसइओसाठी सल्लागार नेमले. त्यांचं पहिलं फर्मान: डोमेन उघडलं की ग्राहक 'बाय-लेदर-बॅग्ज-ऑनलाइन' अशा पत्त्यावर गेला पाहिजे, म्हणजे कीवर्ड येतो. मी म्हटलं, अहो, लोक लिंक देतात ती डोमेनची, ही शेपटी कोण टाइप करणार? पण मालकांना शेपटी पटली. त्यात रीडायरेक्ट (एका पत्त्यावरून दुसऱ्यावर आपोआप वळवणं) लावला ३०२, म्हणजे तात्पुरता! वर ओपनकार्टची जुनी खोड: लोगोवर क्लिक केलं की 'इंडेक्स.पीएचपी?रूट=कॉमन/होम' उघडतं. शिवाय डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेलं आणि नसलेलं, दोन्ही चालू. सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गूगलच्या टूलमध्ये, शेरा आला की गूगलने वेगळाच कॅनॉनिकल (एकाच पानाच्या अनेक पत्त्यांपैकी मुख्य धरलेला पत्ता) निवडलाय. कोणता, तर लोगोवाला. दुकानाचं नाव शोधलं की तो प्रश्नचिन्हवाला पत्ता वर! सल्लागार म्हणाले, "अल्गोरिदम बदलला असेल."

शेवटी काम माझ्याकडेच आलं. सगळे पत्ते ३०१ ने, म्हणजे कायमच्या रीडायरेक्टने, एकाच एचटीटीपीएस डोमेनवर आणले, टेम्प्लेटमध्ये लोगोची लिंक बदलली, कॅनॉनिकल टॅग आणि साइटमॅपमध्येही (सर्च इंजिनसाठीची पानांची यादी) तोच पत्ता दिला. हळूहळू निकालात सरळ डोमेन दिसायला लागलं.

पत्त्यातल्या कीवर्डचं वजन नगण्य असतं. डोमेनच्या नावातच कीवर्ड कोंबून सुमार साइट वर आणायची सोयही गूगलने २०१२ मध्ये बरीचशी बंद केली. कीवर्ड टायटलमध्ये आणि कॅटेगरीच्या पानांवर वापरा, तिथे त्याचा उपयोग आहे.

हां, दुकान दोन-तीन भाषांत असेल तर डोमेनपुढे भाषेचा फोल्डर येऊ शकतो, तिथे माझा नियम ताणू नका. कॅनॉनिकल टॅग हा गूगलला हुकूम नसतो, नुसती सूचना असते, त्यामुळे आधी रीडायरेक्ट नीट करा. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू हवं की नको यावर डोकं शिणवू नका, एक धरा आणि दुसरं त्याच्याकडे वळवा. डोमेननंतरचा एकटा स्लॅश असला काय, नसला काय, सारखंच.

आणि कुणी कीवर्ड जोडायला सांगितलंच, तर आधी त्यांच्याच साइटचं होम पेज उघडून बघा. आमच्या सल्लागारांचं नुसतं डोमेन होतं. मी भर मीटिंगमध्ये दाखवलं, तर म्हणे, "आमची केस वेगळी आहे."