अर्ध्या इंचाचे अंतर : मेकॅनोविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडिलांच्या जुन्या पेटीत मेकॅनोचा संच सापडला. हे खेळणे कोणी काढले? नव्या संचातले भाग त्याला जोडता येतील का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : मेकॅनोचा जनक फ्रँक हॉर्नबी हा इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात, मांस आयात करणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे हिशेबनीस होता. मुलांसाठी पत्र्याचे पूल आणि याऱ्या तयार करताना प्रत्येक खेळण्यासाठी नवे भाग कापावे लागतात हे त्याच्या लक्षात आले, आणि आज पुलात बसलेली पट्टी उद्या यारीत बसवता यावी यासाठी त्याने अर्धा इंच रुंदीच्या पट्ट्यांना बरोबर अर्ध्या-अर्ध्या इंचावर भोके पाडून त्या नट-बोल्टने जोडण्याची पद्धत ठरवली. तिचे पेटंट त्याला १९०१ मध्ये मिळाले आणि ‘मेकॅनो’ हे नाव १९०७ मध्ये नोंदवले गेले. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरील कारखाना १९१४ ते १९७९ असा चालला.

भोकांमधले अर्ध्या इंचाचे, म्हणजे १२.७ मिलिमीटरचे अंतर पुढेही कायम राहिले. त्यामुळे तुमच्या वडिलांच्या पट्ट्या नंतरच्या मेकॅनोच्या धातूच्या भागांशी जुळतील. दुसऱ्या कंपनीचा संच घेताना मात्र जुनी पट्टी नवीवर ठेवून सगळी भोके आरपार दिसतात का ते पाहावे, कारण प्रत्येकाचे माप सारखे नसते. चेकोस्लोव्हाकियात निघालेल्या ‘मेर्कुर’ संचात हे अंतर १० मिलिमीटर आहे.

प्रश्न : शास्त्रज्ञांनी खरोखरच या खेळण्यांतून यंत्रे तयार केली, की ही केवळ ऐकीव गोष्ट आहे? (एक शिक्षिका, कोल्हापूर)

उत्तर : गोष्ट खरी आहे, आणि ती मुलांना आवर्जून सांगावी अशी आहे. अमेरिकेत व्हॅनेव्हार बुश यांनी विकलक समीकरणे, म्हणजे एखादी राशी कोणत्या वेगाने बदलते हे मांडणारी समीकरणे, सोडवणारे मोठे यांत्रिक गणनयंत्र उभारले होते. ते पाहून आलेले मँचेस्टर विद्यापीठातील डग्लस हार्ट्री यांनी आर्थर पोर्टर या विद्यार्थ्याच्या साहाय्याने १९३४ मध्ये तशाच यंत्राची छोटी प्रतिकृती तयार केली आणि तिचे बहुतेक भाग मेकॅनोचे होते. या यंत्राच्या गाभ्यात एक आडवी तबकडी फिरते आणि तिच्यावर एक लहान चाक उभे टेकलेले असते. चाक तबकडीच्या मध्यापासून जितके दूर, तितके ते जास्त फिरते. म्हणून हे अंतर गणितातल्या राशीप्रमाणे बदलत ठेवले, तर चाकाच्या एकूण फिरण्यातून त्या राशीचे संकलन, म्हणजे तिच्या क्षणाक्षणाच्या किमतींची साठत जाणारी बेरीज, आपोआप मिळते. नमुना म्हणून तयार केलेल्या या यंत्राने अणूंच्या रचनेसंबंधीच्या गणितात उपयोगी पडण्याइतकी अचूक उत्तरे दिली, आणि त्यानंतर विद्यापीठासाठी पूर्ण आकाराचे यंत्र उभे राहिले. केंब्रिजमध्येही मेकॅनोचे असेच एक यंत्र झाले. ते आता न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या संग्रहालयात आहे.

दुसरे उदाहरण मला याहूनही हृद्य वाटते. १९६१ च्या नाताळात प्राग शहरात ओटो विक्टर्ले या रसायनशास्त्रज्ञांनी घरातल्या टेबलावर मुलांच्या मेर्कुर संचातून एक यंत्र जोडले, त्याला सायकलचा डायनॅमो लावला, आणि फिरत्या साच्यात द्रव रसायन ओतून मऊ कॉन्टॅक्ट लेन्स तयार केल्या. आज जगभर लोक वापरतात त्या मऊ लेन्सच्या इतिहासात या जोडणीला मानाचे स्थान आहे. मोजमापाची शिस्त पाळणारे सुटे भाग हाताशी होते, म्हणूनच कारखान्याच्या मदतीवाचून कल्पना पारखता आली.

प्रश्न : दहा वर्षांच्या मुलीला कोणता संच द्यावा? (एक पालक, ठाणे)

उत्तर : एकच ठरावीक गाडी तयार होणाऱ्या संचापेक्षा पट्ट्या, कप्प्या, आस आणि दंतचक्रे भरपूर असलेला सर्वसाधारण संच घ्यावा, कारण ठरावीक गाडी एकदा तयार झाली की बहुतेक वेळा कपाटात जाऊन बसते. नट किती आवळावा हे बोटांना कळायला वेळ लागतो, तेव्हा पाना तिच्याच हाती असू द्यावा. सुरुवातीला चार पट्ट्यांचा चौकोन जोडायला सांगावा. तो हाताने दाबताच तिरका होतो. मग चार, पाच आणि सहा भोकांच्या पट्ट्यांचा त्रिकोण टोकाच्या भोकांतून जोडायला द्यावा. भोकांमधली अंतरे तीन, चार आणि पाच भरत असल्याने एक कोन बरोबर काटकोन होतो आणि कितीही दाबले तरी तो हलत नाही. पुलांच्या आणि याऱ्यांच्या बाजूंना तिरक्या पट्ट्या का असतात, हे तिला तिथेच उमगेल.