२००८ साली के-टू शिखरावर दोन दिवसांत ११ जण गेले ते नक्की कशामुळे? आणि जे वाचले ते कसे वाचले?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की "बर्फाचा कडा कोसळला, निसर्गापुढे कोणाचं काय चालणार, आणि वर प्रत्येकाने आपापला जीव वाचवला असं वाचलंय, खरं का?" पहिलं अर्धं खरं आहे, दुसरं मला अजिबात पटत नाही. कडा कोसळला हे बरोबर, पण तो कोसळला रात्री आठ-साडेआठच्या सुमाराला. मग खरा प्रश्न हा की त्या वेळेला एवढी माणसं तिथे वर करत काय होती?

आधीच सांगतो, मी हिमालयवाला नाही. सह्याद्रीत सुळके-बिळके चढलोय, गुडघा गेल्यापासून तेही बंद, आता नुसतं वाचतो आणि बायकोला नको असताना सांगतो. पण रोप, अँकर (रोप ज्याला बांधतात तो पक्का आधार), रांग ही भाषा कळते, म्हणून ही गोष्ट मला तिथूनच दिसते.

जागा अशी आहे. के-टू ८,६११ मीटर, काराकोरममध्ये, पाकिस्तान आणि चीनच्या हद्दीवर. हे लोक पाकिस्तानच्या बाजूने चढत होते. चार नंबरचा कॅम्प एका रुंद खांद्यावर, आणि त्याच्या वर बॉटलनेक. आपल्याकडे बोराट्याची नाळ, सिंगापूरची नाळ म्हणतो ना, तशी नाळच समजा, म्हणजे कड्यांमधली अरुंद, उभ्या उताराची घळ, फक्त दगडगोट्यांऐवजी कडक बर्फ आणि उंची ८,२०० मीटरच्या आसपास. या नाळेच्या बरोब्बर डोक्यावर बर्फाचा एक अजस्र कडा लटकलेला. नाळ चढायची आणि मग त्या कड्याच्या पोटाखालून डावीकडे आडवं जायचं, ट्रॅव्हर्स. चढताना एकदा आणि उतरताना परत एकदा. सगळ्यांना माहीत असतं की इथे कमीत कमी वेळ काढायचा, दुसरा काही उपायच नाही.

त्या वर्षी जुलैभर हवा खराब, कोरियन, डच, नॉर्वेजियन, सर्बियन, अमेरिकन, फ्रेंच अशा कितीतरी टीम खाली अडकून पडलेल्या. हवा उघडली तशी सगळ्यांनी एकच दिवस धरला, १ ऑगस्ट. बेस कॅम्पला मीटिंग झाली, कोणी किती रोप आणायचा, कोणी पुढे जाऊन लावायचा, सगळं ठरलं. पण रोप लावण्यात ज्याच्यावर भिस्त होती तो पाकिस्तानातल्या शिमशाल गावचा शाहीन बेग, जो आधी एकदा के-टूच्या माथ्यावर जाऊन आलेला होता, तो वरच्या कॅम्पपर्यंत जाण्याआधीच आजारी पडून खाली उतरला. बाकीच्यांनी अंधारात निघून रोप लावायला सुरुवात केली ती कॅम्पच्या जवळच, जिथे उतार सोपा, रोप नसता तरी चाललं असतं. आणि खरी गरज होती त्या बॉटलनेकवर पोचेपर्यंत रोप संपला!

मग खालचा रोप काढून वर पाठवा, तोपर्यंत रांग उभी. लिंगाण्याच्या सुळक्यावर शनिवार-रविवारी गेलाय का कधी? एका रोपवर पन्नास जण, पुढचा अडला की मागचे सगळे अडले. आम्ही एकदा तिथे उतरताना असे अडकलो की पायथ्याला पोचेपर्यंत गुडुप अंधार, बॅटऱ्या दोनच, आणि जो पोरगा रोज तिकडे फिरतो तो रोपला हात न लावता आमच्या शेजारून झपझप उतरून गेला. तो दिवस मी विसरत नाही, का ते पुढे येईलच. पण लिंगाण्यावर अडकलात तर फार तर उपाशी राहता, तिथे प्रत्येक तासाला शरीर खलास होत असतं.

त्या गर्दीत सर्बियाचा ड्रेन मांडिच क्षणभर रोपपासून सुटा झाला आणि घसरला, गेला. त्याचा देह खाली न्यायला त्याचे साथीदार निघाले तेव्हा जेहान बेग हा पाकिस्तानी हाय पोर्टर (पगारावर वरच्या कॅम्पपर्यंत सामान नेणारा) मदतीला आला, त्याचा तोल गेला आणि तोही गेला. म्हणजे कोणी शिखरावर पोचायच्याही आधी दोन माणसं संपली होती.

काही जण इथूनच माघारी फिरले. अमेरिकन डॉक्टर एरिक मेयर आणि स्वीडनचा फ्रेडरिक स्ट्रँग यांनी घड्याळ बघून ठरवलं की फार उशीर झालाय, बस्स. त्यांच्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही, मेले नाहीत आणि शिखरही केलं नाही, मग बातमी कसली. बास्क गिर्यारोहक आल्बेर्तो सेराइन सगळ्यांच्या पुढे होता, तो एकटा तीनच्या सुमाराला माथ्यावर पोचला आणि लगेच उतरून उजेडात त्या नाळेतून पार झाला. बाकीचे पोचले संध्याकाळी पाचपासून पुढे साडेसातच्या आसपासपर्यंत. एकूण अठरा जण. फोटो, मिठ्या, फोन, आणि तिकडे सूर्य चाललाय खाली.

उतरताना सगळ्यात पुढे नॉर्वेजियन होते. रोल्फ बाए हा शिखराच्या थोडं खालीच थांबला होता, बायको सेसिली स्कोग वर जाऊन आली, आणि मग दोघं आणि त्यांचा साथीदार लार्स नेसा एकत्र उतरत होते. कड्याचा तुकडा सुटला तो रोल्फला घेऊन गेला आणि रोपही तोडून गेला. सेसिली आणि लार्स कसेबसे खाली आले.

आता वरच्यांची अवस्था बघा. अंधार, दमलेले, कित्येकांचा ऑक्सिजन संपलेला, आणि ज्या रोपच्या भरवशावर वर आलो तो रोपच नाही. माझ्या मते त्या रात्री माणसांचे दोन भाग पडले, रोप नसताना उतरू शकणारे आणि न शकणारे. मी सोपं करून सांगतोय, नशीबही होतंच, पण साधारण हेच.

डच टीमबरोबर मेंबर म्हणून गेलेला पेंबा ग्याल्जे शेर्पा अंधारात उतरून आला. डच कास व्हान दे गेवेलही आला, वाटेत त्याच्या डोळ्यादेखत फ्रेंच युग दोबारेद खाली कोसळला. आणि अमेरिकन टीमचा छिरिंग दोर्जे शेर्पा. त्याला वाटेत पासंग लामा भेटला, कोरियन टीमचा शेर्पा, ज्याच्याकडे आइस अ‍ॅक्सच (बर्फात रुतवायची कुऱ्हाड) नव्हती कारण ती त्याने रोपच्या अँकरसाठी देऊन टाकली होती. बर्फाच्या नाळेत आइस अ‍ॅक्स नाही म्हणजे खेळ खल्लास. छिरिंगने काय करावं? त्याला स्वतःच्या हार्नेसला (कमरेच्या पट्ट्याला) आखूड दोरीने बांधलं आणि एका अ‍ॅक्सवर दोन माणसं बॉटलनेक उतरायला लागली. एक घसरला असता तर दुसरा जाणारच होता, आणि घसरलेही, पण अ‍ॅक्स रुतली आणि थांबले. दोघं जिवंत कॅम्पला आले. हा माणूस एकटा तर आरामात उतरला असता हो. मला लिंगाण्यावरचा तो पोरगा आठवतो तो इथे, आणि आम्ही सगळे रोपवर लटकून त्याच्याकडे बघत होतो ते.

न उतरलेल्यांपैकी डच लीडर विल्को व्हान रोइयेन, इटलीचा मार्को कोन्फोर्तोला आणि आयर्लंडचा जेरार्ड मॅकडॉनेल यांनी ८,००० च्या वर उघड्यावर बर्फात बसून रात्र काढली. के-टूच्या माथ्यावर पोचलेला जेरार्ड हा पहिला आयरिश. सकाळी उतरताना त्यांना दोन कोरियन आणि त्यांचा शेर्पा जुमिक भोटे रोपमध्ये गुरफटून लटकलेले दिसले, रात्रभर तसेच, पण जिवंत. विल्कोला बर्फाने दिसेनासं व्हायला लागलं होतं, तो आपले जास्तीचे हातमोजे एकाला देऊन पुढे गेला. मार्को आणि जेरार्ड तिथे तासन् तास झटले, मग जेरार्ड वर अँकरकडे गेला आणि मार्को खाली उतरला.

इथून पुढे वाद आहे. मार्कोला वाटलं जेरार्ड विरळ हवेने भ्रमात वर गेला. पण खालून मदतीला दोन शेर्पा चढत होते, पासंग भोटे आणि छिरिंग भोटे (वरचे पासंग आणि छिरिंग वेगळे, नावांचा घोळ होतो खरा), आणि पासंगने वायरलेसवर कळवलं की जुमिक आणि कोरियन भेटलेत, उतरतायत. म्हणजे कोणीतरी त्यांना सोडवलं होतं, आणि तिथे जेरार्डशिवाय होतं कोण? मी तरी हेच मानतो. पण त्याच सुमाराला कड्यातून परत परत बर्फ सुटला. जेरार्ड, जुमिक, कोरियन, आणि त्यांना आणायला गेलेला पासंग, सगळे त्यात गेले.

मार्को नाळेच्या पायथ्याशी पडलेला पेंबाला सापडला. त्याला ऑक्सिजन लावला, तेवढ्यात वरून आणखी बर्फ आला, तर पेंबाने त्याला धरून ठेवलं. विल्को भलत्याच बाजूला उतरून हरवला, सॅटेलाइट फोनवरून त्याने बायकोला फोन लावला, त्या फोनवरून जागा शोधली आणि अजून एक रात्र बाहेर काढल्यावर कास आणि पेंबा यांनी त्याला गाठलं. म्हणजे पेंबा नुकताच मरता मरता उतरलेला, आणि दोनदा परत निघाला. मार्कोच्या पायाची सगळी बोटं गेली, विल्कोचीही जवळजवळ सगळी.

आता तुमचा "प्रत्येकाने आपापलं बघितलं" वाला मुद्दा. अकरांपैकी चार जण नेपाळी आणि पाकिस्तानी, पगारावर काम करणारे: जुमिक, पासंग, जेहान आणि शिमशालचाच करीम मेहेरबान. जेहान गेला दुसऱ्याचा देह खाली आणताना, पासंग गेला दुसऱ्यांना आणायला चढताना, आणि जेरार्ड, मी म्हणतो ते धरलं तर, तोही तसाच. पासंगबरोबर वर निघालेला छिरिंग भोटे थोडा मागे होता, बर्फ खाली आला तेव्हा तो आडोशाला राहिला. वाचला. एकटाच उतरला.