इंग्लंडमध्ये नातवंडांसोबत फुटबॉल मॅच बघायचीय? आधी मोठ्या क्लबचा नाद सोडा

प्रश्न असा आहे: "सप्टेंबरमध्ये मुलीकडे मँचेस्टरला चाललोय. आम्ही दोघंही साठीच्या पुढचे. आठ आणि बारा वर्षांच्या नातवंडांना घेऊन प्रीमियर लीगची एक मॅच बघायची इच्छा आहे. तिकीट कुठून काढावं? मुलांना घेऊन जाणं सुरक्षित असतं का?"

सुरक्षित असतं. तिकीट क्लबच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच काढायचं, दुसरीकडून अजिबात नाही. झालं उत्तर. आता हे मला कसं कळलं ते सांगतो, कारण त्यात आमच्या घरचे ५६० पाउंड गेलेत.

मी कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. फुटबॉल म्हणजे काय हे मला कुणी सांगायची गरज नाही. आमच्याकडं फुटबॉलचे क्लब तालमींचे असतात; माझी तालीम कुठली ते लिहीत नाही, उगाच अर्धी शिवाजी पेठ अंगावर यायची. सातवीपासून शाहू स्टेडियमच्या पायऱ्या झिजवल्यात. आणि माझा पोरगा, त्याच स्टेडियमपासून चालत दहा मिनिटांवर वाढलेला, तो मँचेस्टर युनायटेडवाला! १९९९ सालच्या मे महिन्यात युनायटेडनं बायर्न म्युनिकवर अगदी शेवटच्या घटकेला दोन गोल चढवले, तेव्हा हा नववीत होता. रात्री दोनच्या सुमाराला असा काही ओरडला की शेजारचे अण्णा काठी घेऊन बाहेर आले, चोर आला म्हणून. त्या रात्रीपासून बिघडलाय तो आजतागायत.

हा आता दक्षिण लंडनमध्ये टूटिंगजवळ राहतो. दोन-तीन वर्षांपूर्वी आम्ही तिकडं गेलो होतो. नातू तेव्हा अकराचा, नात आठची. दोघांच्या अंगात युनायटेडचे लाल शर्ट, जन्मल्यापासून घातल्यासारखे. पोरानं ठरवलं, आबांना खरी मॅच दाखवायची. लंडनमधल्या एका बड्या क्लबच्या मैदानावर युनायटेड येणार होती. क्लबकडं बघितलं तर आधी मेंबर व्हा, मग रांगेत थांबा, मग जुन्या मेंबरांना देऊन उरलं तर तुम्हाला. मग यानं एका रीसेल वेबसाइटवर चार तिकिटं घेतली. एकेक १४० पाउंडांना. मी म्हटलं, अरे एवढ्यात आमच्या तालमीची अख्खी टीम किट-बुटासकट उभी राहील. तर म्हणे, "बाबा, तुम्ही प्रत्येक गोष्ट तालमीत मोजता."

सामन्याच्या सकाळी ईमेलवर पास आले. जागा यजमानांच्या बाजूला, म्हणून पोरांना ताकीद: जर्किनची चेन गळ्यापर्यंत, लाल रंग दिसता कामा नये. गेटपाशी पोचलो. तिथलं फिरतं दार इतकं अरुंद की मी पोट आत घेऊन तयारीत उभा. पोरानं फोन टेकवला. लाल दिवा. पुन्हा टेकवला. लाल दिवा. पिवळ्या जॅकेटातल्या स्टीवर्ड बाईंनी फोन बघितला आणि सांगितलं, ही मेंबरशिप दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर आहे आणि क्लबनं आजच बंद केलीय. इतक्या गोड बोलत होत्या की भांडताही येईना. आतून तीस-चाळीस हजार माणसांचा एकदम आवाज उठला, मॅच सुरू झाली होती. धाकटी रडली नाही. तिनं फक्त जर्किनची चेन खाली ओढली, आता काय लपवायचं म्हणून.

त्या दिवशी कळलं ते तुम्हीही ऐकून ठेवा. गाण्याच्या कार्यक्रमाचं तिकीट तिथं दुसऱ्याला विकता येतं, पण फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय विकणं हा १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. घेणारा तुरुंगात जात नाही, दारातून घरी मात्र जातो. पैसे अजून यायचेत.

पोरगा दोन दिवस गप्प. मी रोज सकाळी पायी फिरायला जायचो, तेव्हा प्लाऊ लेनवर एक छोटं स्टेडियम बघून ठेवलं होतं. एएफसी विंबल्डन. आपल्याला विंबल्डन म्हटलं की टेनिस आणि स्ट्रॉबेरी, पण तिथं फुटबॉल क्लबही आहे आणि एकेकाळी त्यांनी १९८८ च्या एफए कपच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या मोठ्या बाद स्पर्धेच्या, फायनलमध्ये लिव्हरपूलला एक-शून्य पाडलं होतं. शनिवारी तीनला मॅच होती. मी पोराला म्हटलं, इथं जाऊ.

"बाबा, ती चौथ्या डिव्हिजनची टीम आहे."

"मग आपली कुठल्या डिव्हिजनची होती?"

क्लबच्या वेबसाइटवर पाच मिनिटांत तिकिटं मिळाली. मुलांना स्वस्त, मला म्हातारा म्हणून सवलत. चौघांचे मिळून त्या एका १४० च्या तिकिटाच्या निम्म्यात झाले. हिनं भडंगाची पिशवी बांधून दिली. मी चहाचा थर्मासही घेतला, तो गेटवर काढून ठेवला त्यांनी. भडंग मात्र स्टीवर्डनं हुंगून बघितलं आणि जाऊ दिलं.

आत गेल्यावर पहिलं काय जाणवलं असेल, तर मैदान किती जवळ आहे. बॉलला लाथ बसली की थप्प आवाज येतो. खेळाडू एकमेकांना काय म्हणतात ते ऐकू येतं, त्यातलं निम्मं नातवंडांनी ऐकू नये असं. टोकदार नाकाचा एक केसाळ मास्कॉट, हेडन त्याचं नाव, मुलांशी हात मिळवत फिरत होता. आमच्या शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ, निळी-पिवळी पट्ट्यांची टोपी, मांडीवर घडी घातलेलं पांघरूण. धाकटीनं मला मराठीतच विचारलं, "आबा, इथले ओनर कुठे बसतात?" टीव्हीवर युनायटेडचे मालक काचेमागं बसलेले तिनं बघितलेले. 'ओनर' एवढा शब्द त्या गृहस्थांना कळला. त्यांनी पाकिटातून एक कार्ड काढून तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "तुझ्या शेजारीच बसलाय की."

मग हाफ टाइमपर्यंत मी मॅच कमी आणि त्यांचं जास्त ऐकलं. तुम्हाला आपल्या भाषेत सांगतो. समजा उद्या कुणी तुमची तालीम उचलून कराडच्याही पुढं नेली आणि म्हटलं, टीम तीच आहे, या बघायला. तसं झालं. जुन्या विंबल्डन क्लबच्या मालकांना तो नव्वदेक किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्सला हलवायचा होता आणि मे २००२ मध्ये तीन जणांच्या समितीनं तशी परवानगी दिली. समर्थकांनी काय करावं? महिन्याभरात त्यांनी विंबल्डन कॉमनच्या मोकळ्या माळावर जाहिरात देऊन खेळाडूंची चाचणी घेतली, दोनशेवर पोरं आली, आणि स्वतःचा क्लब उभा केला. नवव्या पातळीपासून. नऊ हंगामांत पाच बढत्या घेऊन २०११ मध्ये हे लोक व्यावसायिक लीगमध्ये परत आले. आणि आता जिथं आम्ही बसलो होतो ते मैदान, त्यांच्या जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, २०२० मध्ये बांधून झालं. पैसे कमी पडले तेव्हा समर्थकांनी बाँड घेऊन पन्नास लाख पाउंडांच्या वर जमवले. क्लबचा मोठा हिस्सा आजही समर्थकांच्या ट्रस्टकडं आहे. वर्षाची वर्गणी भरा, एक मत तुमचं. गडगंज असलात तरी एकच.

मी पोराकडं बघितलं. पोरगा मैदानाकडं बघत होता.

वर्गणी! मी आयुष्यभर जे सांगत आलो ते एक इंग्रज म्हातारा पांघरूण सावरत सांगत होता. मी त्यांना कोल्हापूरचं सांगितलं. आमच्याकडं क्लब पेठेचा असतो, तालमीचा असतो, पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरतात, आणि ईर्ष्या अशी की सामन्याच्या आठवड्यात दोन पेठांतले सख्खे साडू एकमेकांशी बोलत नाहीत. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव आमच्या कोल्हापूरचा, हेही सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग त्यांना भडंग दिलं. पहिल्या घासाला लसूण लागला, दुसऱ्याला मिरची. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, पण पिशवी काही परत येईना.

मॅच शून्य-शून्य झाली. एकदा रेफरीनं सरळसरळ पेनल्टी नाकारली तेव्हा मी उभा राहून मराठीत जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. नातू हसून हसून खाली बसला. त्याला वाटत होतं आजोबांना फुटबॉल कळत नाही. संपल्यावर टूटिंगपर्यंत चालत गेलो आणि तिथं डोसे खाल्ले.

तर माझं मत स्पष्ट आहे. परगावच्या टीमला टीव्हीवर बघून 'आपली टीम' म्हणणं हे परक्याच्या लग्नात नाचण्यासारखं आहे. नाचा, पण वरबापाचा रुबाब दाखवू नका. ज्या मैदानावर तुम्ही चालत जाऊ शकता, ती तुमची टीम. हे मी पोराला १९९९ पासून सांगतोय.

आता दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर तो वाचेल आणि फोन करेल. पोरगा सात वर्षांचा असताना शाहू स्टेडियमवर एका फायनलला दोन गटांत दगडफेक झाली. माझा काही संबंध नव्हता, मी जिन्यावर होतो. डाव्या भुवईवर चार टाके. रक्तानं भरलेला शर्ट घालून मी दारात उभा राहिलो आणि दार उघडलं ते यानं. त्यानंतर हिनं शपथ घातली, पोराला तिकडं न्यायचं नाही. मीही नेलं नाही, एकदाही नाही. त्या संध्याकाळी डोसा खाताना तो म्हणाला, "बाबा, तुम्ही मला कधी तालमीची मॅच दाखवलीत? मग मी टीव्हीवर नाही बघणार तर कुठं?" मी चटणी मागवली.

तुमच्या सुरक्षिततेच्या प्रश्नाकडं येतो. ऐंशीच्या दशकातल्या इंग्लंडच्या हुल्लडबाजीच्या गोष्टी आमच्या व्याह्यांनीही मला ऐकवल्या होत्या. तो काळ गेला. १९८९ ला शेफिल्डच्या हिल्सबरो स्टेडियमवर चेंगराचेंगरीत ९७ माणसं गेली, त्यानंतर वरच्या क्लबांत सगळ्यांना खुर्च्या आल्या. मैदान दिसेल अशा जागी बसून दारू पिता येत नाही, तोही कायदा आहे, म्हणून लोक खाली पॅसेजमध्ये ढोसून येतात. दोन्हीकडचे समर्थक वेगळे बसवतात. यजमानांच्या बाजूला बसून पाहुण्यांच्या गोलला टाळी वाजवली तर बाहेर काढतील, नातवंडांना हे आधी समजावा. 'फॅमिली स्टँड' मागा, तिथं शिव्या कमी असतात. कमी म्हणतोय, नसतात असं नाही.

मँचेस्टरला आहात तर ओल्ड ट्रॅफर्डच्या, म्हणजे युनायटेडच्या मैदानाच्या, मागं धावू नका. तिथंच मोस्टनला एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर आहे. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबानं युनायटेड विकत घेतली तेव्हा चिडलेल्या समर्थकांनी काढलेला क्लब, तोही एक सभासद एक मत. ब्रॉडहर्स्ट पार्क त्यांचं मैदान. जरा मोठी मॅच हवी असेल तर स्टॉकपोर्ट काउंटी, ट्रेननं दहा-पंधरा मिनिटांवर. नातवंडं प्रीमियर लीगसाठी हटूनच बसली असतील तर जावयांना आत्तापासून मेंबरशिप घ्यायला लावा आणि समोर छोटा क्लब असेल अशी मॅच निवडा. माझं ऐकून मुलांचं मन मोडू नका, माझं डोकं या बाबतीत थोडं गरम आहे.

विंबल्डनचं पुढं काय झालं विचाराल तर, सप्टेंबर २०२४ मध्ये शेजारच्या वँडल नदीचं पाणी मैदानात शिरलं आणि गवताखालची जमीनच खचली. पंचगंगेकाठच्या माणसाला ते फोटो बघवेनात. मी पोराला फोन केला तर म्हणाला, "माहितीय बाबा, आम्ही मदतीचे पैसे भरले." आम्ही म्हणजे कोण ते मी विचारलं नाही. पुढच्या मे महिन्यात ते प्ले-ऑफ, म्हणजे बढतीसाठीचे शेवटचे सामने, जिंकून वरच्या डिव्हिजनमध्ये चढले, तेव्हा रात्री घरच्या ग्रुपवर धाकटीचा फोटो आला. अंगात लाल शर्ट, गळ्यात निळा-पिवळा मफलर. दोन्हीही.

अजून एक. सप्टेंबर असला तरी स्वेटर न्या, गुडघे दुखत असतील तर तिकीट काढताना खालची रांग मागा, वरच्या पायऱ्या फार उभ्या असतात. छत्री आणि मोठी पिशवी घरी ठेवा. आणि थर्मास नेऊ नका. आमचा परत येताना मिळाला, पण झाकण काही सापडलं नाही.