पॅकेज राहू द्या, वही आणा

प्रश्न : माझे यजमान ४७ वर्षांचे. यंत्रमागावर जॉबर आहेत, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. तंबाखू आहे. आजवर एकदाही तपासणी केलेली नाही. "मला काही होत नाही, दवाखान्यात गेलं की काहीतरी काढतातच," म्हणतात. परवा कारखान्याच्या गेटवर कुणीतरी ७२ तपासण्यांच्या पॅकेजचं पत्रक वाटलं. ते करून घ्यावं का?
— एक भगिनी, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : ताई, मागाला तेलपाणी तसं शरीराला तपासणी, हा दाखला मी आता देत नाही. एका जॉबरला दिला होता. "चालत्या मागात हात घालायचा नसतो, डॉक्टर," म्हणाला. मी गप्प.

त्यापेक्षा माझंच सांगतो. मी ४४ चा होतो. रोज तीस-चाळीस जणांचं बीपी बघायचो, स्वतःचं कधीच नाही. मे महिन्यातली दुपार, दवाखान्यात पेशंट नाही. नवं मशीन आलं होतं, ते नीट दाखवतंय का बघायला सिस्टरने माझ्याच दंडाला पट्टा गुंडाळला. १६८/१०४. मशीन खराब निघालं म्हणून मी वैतागलो आणि जुन्या पाऱ्याच्या मशीनवर मोजायला लावलं. तेवढंच! डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, सकाळीच सिद्धेश्वर तलावाला फेरी मारून आलो होतो. पुढे दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी मोजलं तेव्हाही १४० / ९० च्या खाली आलं नाही, मग गोळी सुरू केली. "काहीतरी काढतात" हे यजमानांचं म्हणणं खोटं नाही. माझं तर माझ्याच सिस्टरने काढलं.

आता ते पत्रक. ७२ आकडा मोठा दिसतो, पण एकाच नळीतल्या रक्तावर बरंच काही मोजता येतं आणि प्रत्येक ओळ वेगळी धरली की संख्या फुगते. यजमानांना सध्या लागतं ते एवढंच : बीपी, उपाशीपोटी साखर, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते कळायला रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन. उपाशीपोटी साखर १२६ किंवा वर आली तर पुन्हा करून खात्री करायची. तंबाखू आहे, तेव्हा तोंड उघडून गालफडं आणि जिभेखाली बघून घ्यायचं; त्याला बॅटरी आणि दोन मिनिटं पुरतात, पत्रकात मात्र ते बहुधा नसतं. इतकी वर्षं मागांच्या खडखडाटात काढलीत, तर कानही तपासा. घरात टीव्हीचा आवाज कोण वाढवतं, ते तुम्हालाच ठाऊक.

खरी गोष्ट पुढे आहे. समजा, क्रिएटिनिन यंदा ०.८ आलं आणि तीन वर्षांनी १.२. लॅबच्या कागदावर दोन्ही वेळा "नॉर्मल". पण ज्याच्याकडे ०.८ ची नोंद आहे तो डॉक्टर थांबतो, विचारतो : पाणी किती पिता, दुखण्याच्या गोळ्या किती खाता? आपल्याकडच्या उन्हाळ्यात मागावर घाम गाळणाऱ्याला हे दोन्ही विचारावंच लागतं. मागचा आकडाच नसेल तर १.२ कडे कुणाचं लक्षही जात नाही. म्हणून दरवर्षी नवी लॅब, नवं पॅकेज नको. एकच डॉक्टर धरा आणि शंभर पानी वही करा.

"काही निघालं तर भाकरी, शेंगाचटणी बंद," ही भीतीही त्यांना असेल. बंद कोण करतंय? दिवसाचं मीठ सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक लहान चमचा. चटणी त्यात मोजायची.

आणि ताई, अख्ख्या पत्रात तुमचं स्वतःचं वय नाही. तिशी उलटली असेल तर तुमचंही बीपी, साखर, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख तपासायचं. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत असते.

रात्रपाळी संपवून थेट येऊ नका म्हणावं. झोप झालेली असावी, बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, आणि आल्यावर पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं. जुने कागद असतील, अगदी चष्म्याच्या नंबराचा असला तरी, पिशवीत टाकून आणा. वहीचं पहिलं पान त्यावरूनच लिहू.